रो-हाउसचं गॅरेज बंद करून खोली: परवानगी, पार्किंग आणि उंचीचं गणित (ऐरोली, नवी मुंबई)

रेतीबंदर
नमस्कार. ऐरोलीत सिडकोच्या भूखंडावरचं रो-हाउस आहे, तळ अधिक एक मजला, आरसीसी. समोर डाव्या हाताला रोलिंग शटरचं गॅरेज. ते बंद करून तिथे आईबाबांसाठी झोपायची खोली आणि जोडून संडास-बाथरूम करायचं आहे.

मापं टेपने घेतलेली देतो. गॅरेज आतून २.७५ × ५.५० मी. गॅरेजच्या फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत २.६० मी. ही फरशी अंगणापेक्षा १५ सेंमी उंच, घराची फरशी अंगणापेक्षा ४५ सेंमी. शटरची फट २.५० रुंद, २.२० उंच. डावी भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटलेली, उजवीकडे आणि मागे आपलंच घर. गॅरेजच्या डोक्यावर उघडी टेरेस, पहिल्या मजल्यावरून तीन पायऱ्या उतरून तिच्यावर जाता येतं. पहिल्या मजल्याची फरशी अंगणापासून ३.४५ मी. प्लॉटची रुंदी ६.५ मी., समोर मोकळी जागा ३ मी.

परवानगी लागते का, लागत असेल तर कोणाची, आणि बांधकामात काय अडेल?

ओळंबा
परवानगी लागते. गवंड्याला बोलवायच्या आधी घराचा शेवटचा मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घ्या. घरात नसतील तर महापालिकेच्या नगररचना विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या नकाशात ही जागा काय म्हणून दाखवली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. 'पार्किंग' किंवा 'गॅरेज' लिहिलं असेल तर बहुतेक ती एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर चालणाऱ्या एकूण बांधकाम क्षेत्रात, धरलेली नाही. खोली केली की ती धरली जाते.

तुमच्या बाबतीत दोन दारं आहेत. ऐरोली नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येते आणि १९९४ च्या डिसेंबरपासून तिथलं नियोजन प्राधिकरण महापालिका आहे, त्यामुळे बांधकाम परवानगी तिची. जमीन मात्र सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, साधारण ६० वर्षांच्या. पट्ट्यात जागेचा वापर काय लिहिला आहे ते वाचा आणि सिडकोची ना-हरकत लागेल असं धरूनच चाला. खारघर, उलवे भागात बांधकाम परवानगीही सिडकोच देते, त्यामुळे तिकडचा अनुभव ऐरोलीला जसाच्या तसा लावू नका.

नियम २ डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचे, म्हणजे यूडीसीपीआरचे. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना तीच लागू आहे.

साखळीटेप
पण एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा) कलम ४३ मध्ये स्वच्छ म्हटलंय की फक्त आतल्या भागातलं, बाहेरून स्वरूप न बदलणारं काम असेल तर परवानगी नको. स्लॅब तोच, भिंती त्याच. शटरऐवजी खिडकी लावली तर एवढं काय?

ओळंबा
कलम ४३ ची सूट डागडुजीला आणि आतल्या बदलांना आहे. वापर बदलला की ती सूट संपते, कारण कलम २(७) मधली 'विकास' या शब्दाची व्याख्या इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही पोटात घेते. गाडीची जागा माणसाच्या राहण्याची झाली की वापर बदलला. शिवाय शटर काढून रस्त्याकडे भिंत उभी राहणार, म्हणजे बाहेरचं स्वरूपही बदललं. हॉलमध्ये पार्टिशन घालणं कलम ४३ मध्ये बसतं, गॅरेजची खोली बसत नाही.

न विचारता केलं तर कलम ५३ ची नोटीस येते. कलम ५२ खाली किमान एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. नोटीस आल्यावर तिच्या मुदतीत काम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, पण नियमात बसणारं असेल तेवढंच कायम होतं. उंची कमी पडणारी खोली तिथेही अडकते.

पावती_पुस्तक
याच्याशी जोडलेला एक गैरसमज ठाणे-नवी मुंबईत फार दिसतो. मालमत्ता कराच्या बिलात 'शास्ती' लागून आली आणि ती भरली, की लोक म्हणतात 'आता कायदेशीर झालं'. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते. ती दरवर्षी भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. घर विकताना बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा घेऊन येतो आणि गॅरेजच्या जागी पलंग दिसला की अहवालात तसं लिहितो. कर्ज तिथे अडतं.

दुसरा गैरसमज साठ दिवसांचा. कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे खरं. पण प्रस्ताव नियमावलीत काटेकोर बसत असेल तरच. नाकारली गेली तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, ती तारीख चुकवू नका.

ओळंबा
आता तुमच्या मापांवर येतो. अडचण उंचीत आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मी. उंची मागते, वातानुकूलित खोलीला २.४० मी. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून ४५ सेंमी. गॅरेजला मात्र १५ सेंमी चालतं, म्हणून तुमचं १५ आहे. खोली करायची तर फरशी ३० सेंमी उचलावी लागेल. २.६० मधून ०.३० गेले, उरले २.३०. म्हणजे एसी लावून घेतलेली सवलतही पुरत नाही. भांडारघर म्हणून २.२० ला बसेल, पण झोपायची खोली म्हणून नकाशा पास होणार नाही.

फरशी न उचलता आहे तशी ठेवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एसीशिवाय २.६० उंची नियमात बसत नाही, एसी लावला तरी जोतं १५ सेंमीच राहतं, आणि जुलैत पाणी कुठपर्यंत येतं ते ऐरोलीकरांना सांगायला नको.

शटरच्या वरच्या लिंटेलकडे, म्हणजे फटीवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीकडे, कोणी बघत नाही. आत्ता तो फरशीपासून २.२० वर आहे. फरशी ३० ने उचलली की १.९० वर येतो. तिथे नेहमीचं दोन मीटरचं दार बसत नाही.

रेतीबंदर
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग वर फक्त टेरेस आहे तर स्लॅब तोडून उंच घेतला तर?

ओळंबा
गणित जमतं, पण जेमतेम. नवी फरशी अंगणापासून ४५ सेंमी, वर २.७५, त्यावर १२ सेंमी स्लॅब. स्लॅबचा माथा अंगणापासून ३.३२ वर. पहिल्या मजल्याची फरशी ३.४५ वर. मधे उरले १३ सेंमी. आता त्या टेरेसवर विटांचा कोबा घाला, उताराच्या उंच टोकाला तो सहज १०-११ सेंमी होतो. टेरेसचं दार उघडलं की उंबऱ्याखाली दोन सेंमी शिल्लक. पहिल्याच मोठ्या सरीला पाणी बेडरूममध्ये. म्हणून उताराचं उंच टोक दाराकडे न ठेवता बाजूला ठेवा, दारासमोर आडवी पन्हळ घ्या, आणि कोब्याऐवजी पातळ वॉटरप्रूफिंग करा. दाराला १५ सेंमीचा काँक्रीटचा उंबरा तरीही हवाच. आत येताना ठेच लागते म्हणून तो काढून टाकायची घाई करू नका.

काटकोन
स्लॅब उचलण्याबद्दल स्ट्रक्चरच्या बाजूने. गवंडी म्हणेल, 'कॉलम दीड फूट वाढवू, त्यात काय!' कॉलमच्या १२ मिमी सळईला जोड देताना दोन सळया एकमेकींवर साधारण ५० पट व्यासाएवढ्या, म्हणजे ६० सेंमी चढवाव्या लागतात. तुम्ही वाढवताय ४५ सेंमी. म्हणजे जुना कॉलम आणखी खालपर्यंत फोडून सळई मोकळी केल्याशिवाय जोड बसत नाही. अर्ध्या लांबीचा जोड प्लॅस्टरखाली झाकला जातो आणि कुणाला दिसत नाही. जोडाच्या भागात रिंगा जवळजवळ घ्या. जिथे फोडणं शक्य नाही तिथे मेकॅनिकल कपलर (दोन सळया टोकाला जोडणारी नळी) वापरा, पण तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने ड्रॉइंगवर सही करून द्यायचा, साइटवर तोंडी नाही.

उजवीकडे आणि मागे घरच आहे, तेव्हा गॅरेजचे बीम घराच्याच कॉलमांत गेलेले असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर बीमची पातळी ४५ ने वर सरकवणं म्हणजे घराच्या कॉलमला नव्या ठिकाणी भोकं पाडून सळया बसवणं. फोडायच्या आधी एका ठिकाणी प्लॅस्टर काढून बीम कुठे टेकलाय ते बघा. डावी भिंत शेजाऱ्याशी सामाईक आणि तीवर वजन असेल, तर तिला हातच लावू नका.

आणि पुढचं, हा धागा वाचणाऱ्या सोसायटीवाल्यांसाठी. २०१६ च्या आयएस १८९३ प्रमाणे आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतो. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये, एकाच बाजूचे दोन-तीन गाळे विटांनी बंद केले की त्या बाजूची ताठरता वाढते आणि हादऱ्यात इमारत पिळवटते. भिंत अर्धी उभारून वर जाळी ठेवली तर आणखी वाईट. भिंतीने खालून घट्ट धरलेल्या कॉलमला हलायला वरचा आखूड तुकडाच उरतो आणि तो तिथेच कातरला जातो.

कोलशेत_नाका
सोसायटीचा विषय निघालाच आहे तर ठाण्याचंही लिहितो, कारण इकडे बंगल्यांपेक्षा स्टिल्टचेच प्रश्न जास्त. स्टिल्टमधली गाडीची जागा तुमच्या नावे असली तरी ती बंद करून खोली, क्लिनिक किंवा कोठार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्टिल्ट पार्किंग म्हणजे मोफा कायद्यातलं (महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा) 'गॅरेज' नव्हे असं म्हटलं आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही असा निकाल दिला. रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच अशी आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती. तुमच्या करारात 'गॅरेज' लिहिलंय की 'कव्हर्ड पार्किंग' की नुसतं 'स्टिल्ट', ते आधी बघा. गॅरेज असलं तरी मंजूर नकाशात ते पार्किंगच्या मोजणीत धरलेलं असतं. सर्वसाधारण सभेचा ठराव करून सोसायटी महापालिकेची परवानगी देऊ शकत नाही.

पावती_पुस्तक
हो, आणि रेतीबंदर, तुमच्याकडेही पार्किंगच्या मोजणीवर अडणार आहे. गॅरेज गेलं की नियमावलीच्या तक्त्याप्रमाणे घराच्या कार्पेट क्षेत्राला जेवढ्या गाड्या लागतात तेवढ्या प्लॉटमध्ये दुसरीकडे दाखवायच्या. एका गाडीची जागा २.५ × ५.० मी. तुमच्या समोर ३ मी.च आहे, म्हणजे गाडी आत नाक खुपसून उभी करता येत नाही. रस्त्याला समांतर उभी केली तर ६.५ पैकी ५ मी. लांबी गाडीची, उरलेल्या दीड मीटरमधून माणसांनी जायचं. त्यासाठी समोरचं जवळजवळ सगळं कुंपण उघडणारं हवं, सरकतं किंवा दोन्हीकडे दुमडणारं. शिवाय गाडी बरोबर खोलीच्या खिडकीसमोर येईल. आर्किटेक्टला हा आराखडा पहिल्या दिवशी काढायला लावा. इथे नाही जमलं तर बाकीच्या फी भरण्यात अर्थ नाही.

एफएसआयही तपासा. नियमावलीत पी-लाइनने, म्हणजे भिंतीच्या बाहेरून मोजतात. १५ सेंमी भिंती धरल्या तर ३.०५ × ५.८० = १७.६९ चौ.मी. एवढा एफएसआय शिल्लक आहे का, नसेल तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतो का, हे आर्किटेक्ट तासाभरात सांगेल.

रेतीबंदर
समजा पार्किंग आणि एफएसआय दोन्ही बसलं. मग अर्जाचा क्रम कसा? आणि खर्च कुठे कुठे?

पावती_पुस्तक
आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता नेमा, स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. सुधारित नकाशात तोडायचं पिवळ्या रंगात, नवीन लाल रंगात दाखवतात. बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन पोर्टलवर फाइल चढवताना ड्रॉइंग प्री-डीसीआर या सॉफ्टवेअरने ठरवलेल्या लेयरमध्ये असावं लागतं, म्हणजे संगणकाला ते तपासता येतं. पार्किंगचा चौकोन चुकीच्या लेयरवर असला तर संगणक पार्किंग शून्य मोजतो आणि फाइल परत येते. सोबत भाडेपट्टा करार, सिडकोची ना-हरकत, जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची भरलेली पावती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. रो-हाउसांची सोसायटी असेल तर तिचंही पत्र. भूखंड लहान असेल तर नियमावलीत 'कमी जोखमीच्या' इमारतींसाठी सोपा मार्ग आहे, तो तुम्हाला लागू होतो का ते आर्किटेक्टला विचारा.

छाननीनंतर चलन येतं: छाननी शुल्क, विकास शुल्क, लागलं तर अधिमूल्य. कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का, पण स्वतःच्या राहत्या घराचं काम ठरावीक खर्चाच्या आत असेल तर त्यातून सूट आहे. चलन भरल्यावर परवानगी, मग काम. शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि सुधारित भोगवटा. हा शेवटचा कागद बरेच जण घेतच नाहीत, आणि घर विकताना नेमका तोच मागतात.

थापी
आता प्रत्यक्ष काम. परवानगी मिळाली असं धरून लिहितो.

सगळ्यात आधी बघा, गॅरेजच्या खाली पाण्याची टाकी आहे का. नवी मुंबईतल्या रो-हाउसांत जमिनीखालची टाकी बरेचदा गॅरेजमध्येच असते, कारण तिथे झाकण झाकलं जातं. असेल तर टाकी हलवा. झोपायच्या खोलीत मॅनहोल ठेवून चालत नाही आणि टाकीच्या डोक्यावर संडास तर मुळीच नाही. पंप, वीज मीटरची पेटी, पाइप गॅसचा मीटरही याच भिंतीवर असतात. ते बाहेर हलवायचे अर्ज भिंत बांधायच्या आधी करा.

ओल तपासायला फरशीवर एक मीटर चौरस प्लास्टिक कडेने टेप लावून दोन दिवस चिकटवा. खालून थेंब दिसले तर ओल जमिनीतून वर येते आहे. वर नुसता टाइल्सचा थर दिला तर वर्षभरात भिंतीच्या पायाशी लोणा फुटतो.

३० सेंमीची भर अशी: १५ सेंमी दगडी सोलिंग, मुरूम भरून पाणी मारून धुमसलेलं, १० सेंमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) १:३:६, त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, भिंतीवर १५ सेंमी चढवलेलं, मग मसाला आणि टाइल मिळून ५ सेंमी. तुमच्या १५.१ चौ.मी.ला सोलिंग सव्वादोन घनमीटर, पीसीसी दीड घनमीटर, त्याला सिमेंट सात गोण्या. प्लास्टिक जोडांसकट २० चौ.मी. घ्या. जोड १५ सेंमी चढवून टेप लावा. चपला घालून त्यावर फिरू देऊ नका, एका खिळ्याने सगळं वाया जातं.

शटरच्या जागेची भिंत इथे हमखास तडकते. बाकी तीन भिंतींखाली प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीची आरसीसी तुळई, असते. शटरखाली बहुतेक नसते, कारण तिथून गाडी जायची. गवंडी गॅरेजच्या जुन्या कोब्यावरच ब्लॉक रचायला घेतो. कोबा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग पडते. तिथे आधी दोन्ही कॉलमांत सळया बसवून प्लिंथ बीम टाकून घ्या. मग १५ सेंमीचे एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक. कॉलमला ८ मिमी सळईचे तुकडे दर ६० सेंमीवर केमिकलने बसवा आणि ते ब्लॉकच्या सांध्यात घ्या. ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यावर प्लॅस्टरआधी कोंबडजाळी.

ओळंबा
थापीदादांनी भिंत सांगितली, मी तिच्यातली खिडकी सांगतो. आपल्या दमट हवेत मजल्याच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडकी धरतात, दार वगळून. संडास-बाथरूम मागच्या टोकाला १.२० × २.३५ मी. घेतलं तर २.८२ चौ.मी. होतं, एकत्रित संडास-बाथरूमला २.८ लागतात. १० सेंमी भिंत धरून खोली उरते ४.२० × २.७५ = ११.५५ चौ.मी. राहण्याच्या खोलीला किमान ९.५ चौ.मी. आणि २.४ मी. रुंदी लागते, म्हणजे बसते. एक षष्ठांश म्हणजे १.९३. खिडकी १.५० × १.३० घेतली की १.९५. ती फक्त समोरच येऊ शकते. डाव्या हद्दीच्या भिंतीत खिडकी ठेवता येत नाही, व्हेंटिलेटरही नाही.

मग संडासाची हवा कुठून? त्याला किमान ०.३७ चौ.मी. उघडी फट हवी. मागे घर, डावीकडे शेजारी. उरतं छत. स्लॅब नवा घालताच आहात तर संडासावर ६० × ६५ सेंमीचं भोक ठेवून वर टेरेसमध्ये दोन-अडीच फुटांची पेटी उभी करा, तिला बाजूंनी लूव्हर, म्हणजे हवा येणाऱ्या तिरक्या पट्ट्या. वरून काँक्रीटचं झाकण. नकाशात ती दाखवूनच मंजूर करून घ्या. एक्झॉस्ट पंखा घराच्या पॅसेजमध्ये सोडायची चूक करू नका.

वयस्कर माणसांसाठी आहे म्हणून: संडासाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगाला अडतं. घराची फरशी आणि ही फरशी एकाच पातळीत, ४५ वर, येते आहे हा मोठा फायदा. मधे उंबरा ठेवू नका.

रेतीबंदर
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका ड्रेनेजची. गटाराचं चेंबर समोरच्या अंगणात आहे, संडास मागे. मधे साधारण सात मीटर.

थापी
११० मिमी पाइपला १:६० उतार धरला तर सात मीटरला १२ सेंमी, १:४० धरला तर साडेसतरा. फरशी अंगणापेक्षा ४५ वर असल्याने उतार आरामात मिळतो. कमोड पी-ट्रॅपचा घ्या, त्याचा पाइप फरशीच्या वरून भिंतीतून निघतो, म्हणून फरशी खोल खणायला नको. फक्त नहाणी ट्रॅपपुरता खड्डा. हे पाइप सोलिंगच्या आधी टाकून पाणी भरून एक रात्र ठेवा, नंतर फोडायला मिळणार नाही.

चेंबरचं झाकण उघडून आतल्या पाइपच्या तळाची खोली अंगणापासून मोजा. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाकाच. खाडीला भरती आणि वर जोराचा पाऊस असला की आपल्याकडे पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये (खाडीलगतच्या साठवण तळ्यांत) अडून राहतं, अंगणात साचतं आणि चेंबर भरतात. तळमजल्याच्या नहाणीतून मैला वर येतो तो तेव्हा. व्हॉल्व्ह खोलीच्या बाहेर, अंगणातल्या वेगळ्या लहान चेंबरमध्ये ठेवा. दर मे महिन्यात तो उघडून साफ करावा लागतो, नाहीतर झडप अर्धी उघडी अडकून राहते.

ओळंबा
रेतीबंदर, पार्किंगचा आराखडा बसला नाही तर मागच्या बाजूचा हॉल बघा. त्यातलाच ९.५ चौ.मी.चा, खिडकी असलेला तुकडा पार्टिशनने वेगळा करून आईबाबांना दिला आणि बसायची जागा पुढे सरकवली, तर वापर राहण्याचाच राहतो. नुसतं आतलं पार्टिशन असेल तर ते कलम ४३ मध्ये बसतं. तळमजल्यावर आत्ता संडास कुठे आहे आणि हॉलचं माप काय, ते इथे टाका.

रेतीबंदर
हॉल ३.३० × ६.१०, मागे एक खिडकी १.२० × १.२०. संडास जिन्याखाली, दार हॉलमध्ये.

ओळंबा
३.३० रुंदीत मागचे २.९० मी. घेतले की ९.५७ चौ.मी. एक षष्ठांश १.६०, खिडकी आहे १.४४. तीच खिडकी १.२० वरून १.३५ रुंद केली की १.६२. पण खिडकी मोठी करणं म्हणजे बाहेरची भिंत फोडणं. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५ सेंमी टेकलेलं उरतंय का ते बघून, आणि नगररचना विभागाला पत्र देऊनच करा. पुढे हॉल ३.१० लांब उरतो. जिन्याखालच्या संडासाची उंची मोजून सांगा, तिथे २.१० मिळत नसेल तर कमोडची जागा बदलावी लागेल.